फियाट कामावर आहे

पहाटे 4.45

मे महिन्यात चंद्रपुरात काम करायचे तर दिवसाचे दोन तुकडे पाडावे लागतात. पहाटे पाच ते अकरा हा एक, दुपारी चार ते सात हा दुसरा. मधले तास उन्हाचे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पारा 45 च्या वर असतो, कधी 47 ओलांडतो. एसीवाल्या गाडीत बसणाऱ्यांना हे गणित मांडावे लागत नाही. मला मांडावे लागते, कारण माझी रोजची गाडी 1973 सालची प्रीमियर प्रेसिडेंट आहे.

हे नाव घरातसुद्धा कुणी घेत नाही. सगळे फियाटच म्हणतात. मूळ गाडी इटलीची, फियाट 1100, 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती 1954 पासून जुळवली जाऊ लागली. त्या पहिल्या गोल पाठीच्या गाडीला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. मग 1964 साली चौकोनी अंगाची 1100 डी आली. 1972 साली फियाटबरोबरचा करार संपला आणि नाव बदलावे लागले. दोन वर्षे प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. माझी त्या मधल्या दोन वर्षांतली. वडिलांनी घेतली तेव्हा गडचिरोली हा जिल्हासुद्धा नव्हता, चंद्रपूरचाच तालुका होता. तो 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला. गाडी मात्र तेव्हापासून दोन्हीकडे फिरते आहे.

बॉनेट उघडतो. रेडिएटरमध्ये पाणी, डिपस्टिकवर ऑइल, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून. ही तीन कामे चहाच्या आधी. बॉनेटवर रात्रभरात काळसर धुळीचा थर बसलेला असतो. कोळसा खाणी आणि वीज केंद्राच्या गावात पांढरी गाडी घेणारा माणूस एकतर बाहेरचा असतो किंवा आशावादी. उन्हाळ्यात कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल रात्रीतून उडून जाते, म्हणून पंपाची छोटी कांडी हाताने हलवून पेट्रोल पुढे आणायचे, चोक ओढायचा आणि मग स्टार्टर. हे न करता नुसता स्टार्टर मारत बसलात तर बॅटरी उतरते आणि मग शेजाऱ्यांना उठवून धक्का मागावा लागतो. पहाटे पाचला शेजारधर्म तितका ताणू नये.

5.20

निघालो. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघात झालेली गाडी बघायची, काय तुटले, काय दुरुस्त होईल, काय बदलावे लागेल आणि विमा कंपनीने किती द्यावे याचा अहवाल लिहायचा. 50,000 रुपयांच्या वरच्या मोटार क्लेमला आमच्यासारखा परवानाधारक लागतोच. म्हणजे दिवसभर मी नव्या गाड्यांची मोडतोड बघतो आणि तिथे जातो-येतो जुन्या फियाटने. हा विनोद मूल, सावली, गडचिरोलीच्या प्रत्येक गॅरेजमध्ये माझ्यावर करून झालेला आहे.

गियर हँडलवर, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यावर. पुढची सीट सलग, त्यामुळे तीन माणसे बसतात. पहिल्या गियरला सिंक्रोमेश नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडत नाही आणि जबरदस्ती केली तर दातांवर दात घासल्याचा आवाज सगळ्या चौकाला ऐकू जातो. बंगाली कॅम्प चौकात पहाटेसुद्धा कोळशाचे ट्रक असतात. मागून हॉर्न वाजतो. वाजू दे. 1089 सीसी, 40 अश्वशक्ती. आज निमशहरी बायका ज्या छोट्या हॅचबॅकने भाजी आणायला जातात तिचे इंजिनसुद्धा यापेक्षा जोरदार असते.

6.00

लोहारा मागे पडले की मूल रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल सुरू होते आणि इथे माझी गाडी बाकीच्यांच्या पुढे जाते. वेगात नव्हे. या रस्त्यावर वेग हेच अपघाताचे कारण आहे आणि माझ्याकडे वेग नाही.

हे गमतीने म्हणत नाही. माझ्या टेबलावर या पट्ट्यातून येणारे क्लेम पाहा: रानडुक्कर, नीलगाय, चितळ, रस्त्यावर बसलेली गुरे. ट्रकवर आदळलेले त्यापेक्षा थोडे. गुळगुळीत रस्ता झाला, गाड्या ताशी शंभरने सहज जातात, काचा बंद, गाणी चालू. समोर काही हलले हे कळेपर्यंत वेळ गेलेली असते. फियाट पन्नासच्या वर गेली की स्वतःच कुरकुरते. काचा उघड्या, पुढची तिकोनी काच अर्धी वळवलेली, त्यातून वारा थेट छातीवर. या छोट्या काचेला मी एसीपेक्षा जास्त मान देतो. तिच्यातून वाऱ्याबरोबर वास येतात, आवाज येतात. लंगुरांचा खाकरल्यासारखा इशारा ऐकू आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, कारण लंगूर उगीच ओरडत नाही.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पावसाळ्यात पाण्यातून गेल्यावर काही वेळ ते नुसते सल्ला देतात, थांबवत नाहीत. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवायचे.

चिचपल्लीच्या अलीकडे बायका-माणसे रस्त्याच्या कडेने जंगलात शिरताना दिसतात. तेंदूचा हंगाम आहे. पहाटे पाने तोडायची, घरी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावच्या संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. वाघाची भीती सगळ्यांना आहे. जातात, कारण वर्षातल्या या थोड्या दिवसांचा पैसा पावसाळ्यापर्यंत पुरवायचा असतो. इथे मी हॉर्न वाजवत नाही. गाडीचा आवाजच पुरेसा आहे; सायलेन्सरचा फटफटाट ऐकून दोघी-तिघी मागे वळून बघतात, हसतात आणि आत शिरतात.

चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे कामाला जाणारा एक तरुण कधी हात करतो. त्याला फियाटमध्ये बसायचे असते, उशीर झाला तरी चालतो म्हणतो. आज दिसला नाही.

7.15, मूल

तर्री पोहे. पोहे चांगले म्हणून थांबतो असे नाही, इंजिनला दम खाऊ द्यायचा असतो. पण पोहेही चांगले आहेत.

गाडीभोवती दोघे जमतात.

“का जी, किती देते?”

“बारा. कधी तेरा.”

“इकाची हाये का?”

“नाही.”

“मंग काहाले ठेवली जी?”

या प्रश्नाला मी वर्षानुवर्षे वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. वडिलांची आठवण हे सर्वांत सोपे आणि सर्वांना पटणारे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. आठवण जपायला फोटो पुरतो, त्याला दर महिन्याला किंगपिनचे ग्रीसिंग करावे लागत नाही. खरे उत्तर पुढच्या गॅरेजात मिळते, म्हणून पोहे संपवून तिकडेच निघतो.

8.00

गॅरेजमध्ये दोन वर्षांची नवी गाडी. रात्री केळझरच्या पुढे रानडुक्कर आडवे आले. पुढचा बंपर, जाळी, डावा हेडलाइट, रेडिएटर सपोर्ट, एसीचा कंडेन्सर, बंपरमधले दोन सेन्सर. दोन्ही एअरबॅग उघडल्या.

मी फोटो काढतो, यादी करतो. प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर 50 टक्के घसारा, एअरबॅगलाही तोच. फायबरला 30. काचेला शून्य. धातूच्या भागांना वयानुसार: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, या दोन वर्षांच्या गाडीला दहाच्या आसपास, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40, आणि दहाच्या पुढे 50. तक्ता तिथेच संपतो. माझ्या गाडीच्या लोखंडाचा घसारा 50 टक्क्यांवर येऊन थांबला आहे, तो 1983 सालीच. त्यानंतर ती कागदोपत्री म्हातारी होत नाही.

हेडलाइट एकसंध एलईडीचा. आतली एक पट्टी गेली तरी सगळा बदलायचा. सेन्सर बसवल्यावर संगणकाला सांगावे लागते की हा नवा सेन्सर आपलाच आहे, आणि ते सांगणारे यंत्र कंपनीच्या नागपूरच्या वर्कशॉपमध्ये आहे. म्हणजे गाडी ट्रकवर टाकून नागपूरला जाणार. मालक शिक्षक आहे, रोज सिंदेवाहीला जातो. “साहेब, किती दिवस?” मी पंधरा म्हटले. वीसही लागतील हे त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलवले नाही.

आता फियाटचा बंपर बघा. पोलादी पट्टी, चार बोल्ट. आदळली तर काढायची, ऐरणीवर ठेवून सरळ करायची, परत लावायची. हेडलाइटची काच आणि बल्ब वेगवेगळे. सेन्सर म्हणजे माझे कान. मूलच्याच नव्हे, आलापल्लीच्या एखाद्या लोहारालाही हे जमेल. जंगलातल्या जिल्ह्यात गाडी ठेवायची तर तिची दुरुस्ती जिथे ती बंद पडते तिथे व्हायला हवी, या एका मुद्द्यावर मी फियाट चालवतो. काहाले ठेवली, तर यासाठी.

पण मी सर्व्हेअर आहे, वकील नाही. दुसरी बाजूही लिहायला हवी. त्या शिक्षकाला रात्री साधे खरचटलेही नाही. पुढचा भाग चुरगळला, कारण तो चुरगळायलाच बनवला होता. धक्क्याचा जोर पत्र्याने खाल्ला, माणसापर्यंत पोचू दिला नाही. फियाटचा पुढचा भाग चुरगळत नाही, जोर सरळ आत येतो. स्टीअरिंगचा दांडा छातीच्या रोखाने. बेल्ट मूळ गाडीत नव्हतेच. पुढचे दोन मी नंतर बसवून घेतले, तेही जेमतेम. एअरबॅग हा शब्दही तेव्हा कुर्ल्यात कुणी ऐकला नसेल. तेच डुक्कर, तोच वेग, आणि मी फियाटमध्ये असतो तर अहवाल दुसऱ्या सर्व्हेअरला लिहावा लागला असता. म्हणून रात्री ही गाडी जंगलात न्यायची नाही हा नियम. वेग कमी आणि उजेड असताना, एवढ्याच अटींवर ती सुरक्षित आहे. ज्यांना या अटी पाळता येत नाहीत त्यांनी घेऊ नये, मग गाडी कितीही देखणी असो.

10.10, सावलीच्या पुढे

गाडी बंद पडली.

आधी ओढ कमी झाली, मग दोन-तीन आचके, मग शांत. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. उन्हाळ्यात साडेनऊनंतर हे होऊ शकते, याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोलमधले हलके अंश 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. टाकी मागे, इंजिन पुढे, आणि पंप इंजिनच्या अंगालाच बोल्टने बसवलेला. तो मागून पेट्रोल ओढतो. तापलेल्या नळीत वाफेचा फुगा झाला की पंप फुगाच ओढत बसतो, कार्बोरेटरला काही मिळत नाही. नव्या गाड्यांत पंप टाकीच्या आतच, थंड पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि दाबाने पुढे ढकलतो, म्हणून त्यांना हा आजार होत नाही.

उपाय स्वस्त आहे. दुपट्टा भिजवायचा, पंपावर आणि नळीवर गुंडाळायचा, मडक्यातल्यासारखे बाष्पीभवनाने गार होऊ द्यायचे. पाण्याच्या दोन बाटल्या गाडीत असतात. एक इंजिनची, एक माझी. कुठली कोणाची यावरून उन्हाळ्यात घरी चर्चा होते.

बांधीच्या धुऱ्यावर मोहाच्या सावलीत उभा राहिलो. धानाच्या बांध्या या दिवसांत कोरड्या, भेगाळलेल्या. मोहफुले संपली, आता टोळ्या धरतील. मोटारसायकलवरून जाणारे दोघे थांबले. ‘का झालं जी’ विचारून उत्तराची वाट न बघता बॉनेटमध्ये डोके घातले. त्यातल्या मोठ्याने पंपावर बोट ठेवले, चटका बसला, आणि म्हणाला, गरम झाला. त्याने कधी फियाट दुरुस्त केलेली नव्हती. धानमळणीचे जुने इंजिन केले होते. उघडे इंजिन दिसले की माणूस विचार करू लागतो, हे मी इथल्या खेड्यांत फार पाहिले. नव्या गाडीचे बॉनेट उघडले की वर काळ्या प्लास्टिकचे झाकण असते आणि माणूस बॉनेट परत लावतो.

वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून आणखी एक काम वाढले. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, पंपाचा पडदा ताठर होतो. वर इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून महिनाभर उभी राहिलेली गाडी अधिक त्रास देते. मी सगळ्या नळ्या नव्या दर्जाच्या घातल्या, पडदा बदलला. त्याआधी, 2000 सालच्या फेब्रुवारीत शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले, तेव्हा व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या करून घ्याव्या लागल्या होत्या. कारण जुन्या सीटांना शिशाचेच वंगण मिळत असे. पेट्रोल बदलले की गाडीला बदलावे लागते. आतापर्यंत बदलत आली.

अर्ध्या तासाने सुरू झाली. व्याहाड, वैनगंगेचा पूल. पात्र उन्हाळ्यात वाळूचे, पाण्याची बारीक धार एका काठाने. पलीकडे गडचिरोली जिल्हा.

11.30, गडचिरोली

इंदिरा गांधी चौकाच्या जवळ एक काम होते, ट्रॉलीला घासलेली जीप. दोन दरवाजे, एक आरसा. वीस मिनिटांत झाले.

कधी कधी पुढचे काम अहेरी-आलापल्लीकडे येते. तिकडे फियाट नेत नाही. त्या रस्त्याला सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक असतात आणि लाल धुळीत या गाडीच्या छोट्या दिव्यांना कुणी बघत नाही. एसटीने जातो. कुठे न्यायची नाही हे कळल्याशिवाय जुनी गाडी रोज चालवता येत नाही.

12.15 ते 4

जेवण, झोप नाही. एका परिचिताच्या वऱ्हांड्यात कूलरपुढे बसून कागदांचे काम. आज गाडीचेच कागद काढलेत, कारण आरसीची मुदत जवळ आली आहे.

जुन्या गाडीच्या कागदांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, भरीव फेरफार न केलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नोंदणी 20,000 रुपये, दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण 5,000. त्याशिवाय तिसऱ्या पक्षाच्या विम्याच्या हप्त्यात 50 टक्के सूट. 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी कारला 2022 च्या दराने 3,416 रुपये बसतात, ते निम्मे होतील.

ऐकणारा म्हणतो, मग घ्या की. माझी गाडी वयाने बसतेही. पण त्याच नियमात लिहिले आहे की अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे मी मूलला सर्व्हे करायला गेलो तर गुन्हा. व्हीए नंबर घेतला की गाडीचे काम सुटले. मी सर्व्हेअर म्हणून अशी किती ‘काम सुटलेली’ यंत्रे बघतो: सील सुकतात, ब्रेक सिलिंडर जाम होतात, टाकीत गंज. न चालवणे हा जुन्या गाडीचा सर्वांत मोठा अपघात आहे आणि त्याचा क्लेम कुठेच मिळत नाही.

जर्मनीत हे वेगळे केले आहे. तिथे 30 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी ऐतिहासिक ठरते, नंबरच्या शेवटी ‘एच’ अक्षर येते, कर सपाट, वर्षाला 191 युरोच्या आसपास, आणि ती कामावर न्यायला बंदी नाही. गाडी वारसा आहे हेही मान्य आणि ती गाडी आहे हेही. आपल्या नियमाने पहिली गोष्ट मान्य केली, दुसरी काढून घेतली.

म्हणून मी साधी नोंदणीच ठेवतो. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तपासणी, हरित कर. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचे शुल्क 10,000 रुपये झाले आहे. म्हणजे दहा वर्षांत 20,000. रोज चालवायची मुभा घेण्यासाठी हे देतो. महाग वाटते, पण हिशेब चुकीचा नाही.

4.15

परत निघालो. सीटचे रेक्झिन हात लावू देत नाही, टॉवेल टाकला. परतीच्या तासांत सांगण्यासारखे मोजकेच: घाम, आणि चिचपल्लीच्या पुढे रस्ता ओलांडणारे गव्याचे एक कुटुंब, आठ-दहा जनावरे, सगळ्यांत मागे नर. इंजिन बंद करून उभा राहिलो. मागची गाडी दोनदा हॉर्न वाजवून, मग आपणहून गप्प झाली.

6.20, चंद्रपूर, मिस्त्रींकडे

सकाळचा आचका नुसत्या वाफेचा नसावा, पॉइंटही गेले असतील, असा संशय होता. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात, मीही. सत्तरी ओलांडलेली. त्यांच्या नातवाचे शेजारीच दुकान, तिथे स्कॅनर लावून नव्या गाड्यांचे दोष वाचतात. चाचांचे दुकान म्हणजे एक खुर्ची आणि खोके.

“मिस मारते का?”

“चढावर थोडी.”

चाचांनी बॉनेट उघडले नाही. आधी म्हणाले, चालू ठेवा, आणि मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरून उभे राहिले. मग समोर येऊन डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. पॉइंट जळालेले. बारीक पॉलिश पेपरने घासले, फट लावली. फीलर गेज त्यांच्याकडे आहे, पण ते जाड कागदाची घडी वापरतात आणि मागून मी गेजने तपासले तर बरोबर निघते. टायमिंग थोडे मागे घेतले. इंजिनचा सूर बदलला हे मलाही कळले. सगळे मिळून चाळीस मिनिटे, 300 रुपये आणि एक चहा, तो त्यांनीच पाजला.

नातू बाजूला उभा होता. त्याला विचारले, शिकणार का हे. तो म्हणाला, “काका, अशा गाड्या येतात किती?” बरोबर आहे त्याचे. पाच-सहा गिऱ्हाइकांसाठी कुणी हात तयार करत नाही. बल्लारपूरला एका निवृत्त माणसाकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे, मिशेलोत्तीने आखलेली, पुढचा सगळा भाग दोन्ही चाकांच्या पंखांसकट उचलला जातो ती. तिचे इंजिनही चाचाच बघतात. हेरल्ड मद्रासची, तिचे सुटे भाग फियाटहून दुर्मीळ.

फियाटचे भाग आतापर्यंत मिळत होते ते मुंबईच्या टॅक्सींमुळे. काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावर होती तोवर तिच्यासाठी क्लच प्लेट, ब्रेक शू, वॉटर पंप बनवणारेही होते आणि भंगारात निघालेल्या टॅक्सींचे सांगाडे कुर्ल्यात मिळत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत ती टॅक्सी म्हणून बंद झाली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले. मी त्या आठवड्यात दोन वॉटर पंप आणि क्लच प्लेटचा संच मागवून ठेवला. पण भागांची मला खरी काळजी नाही. वॉशर कापता येतो, बुश खरादावर करता येते, गॅस्केट कागदाचे करता येते. तळहात धरून धूर ओळखणारा माणूस खरादावर करता येत नाही.

चाचांना मी दोनदा सुचवले, आपण हे मोबाइलवर टिपून ठेवू. पहिल्यांदा हसले. आज म्हणाले, रविवारी या, सकाळी, गर्दी नसते. नातूही असेल.

8.40

जेवण झाले, मूलच्या गाडीचा अहवाल लिहितो. बंपर, बदल. हेडलाइट, बदल. सेन्सर, बदल. ‘दुरुस्त’ हा रकाना जवळजवळ रिकामा आहे. बायको विचारते, उद्या कुठे. उद्या भद्रावती, म्हणजे हायवे, म्हणजे सकाळी आणखी लवकर.

मध्येच एक फोन. वरोऱ्याकडचे गृहस्थ, वडिलांची फियाट गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे, भंगारवाला पैसे द्यायला तयार आहे, तुम्ही काय म्हणता. असे फोन येतात. त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो, कारण या दोन जिल्ह्यांत अजून पुष्कळ गोठ्यांत फियाट आणि अँबेसेडर उभ्या आहेत.

आधी आरसी शोधा. ती कुणाच्या नावावर आहे, मालक हयात नसतील तर वारसाची नोंद झाली आहे का, मुदत कधी संपली, हे आरटीओत जाऊन विचारा; कागद नसतील तर बाकी सगळे व्यर्थ. स्टार्टर मारू नका. टाकीतले जुने पेट्रोल काढा, नळ्या बदला, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, इंजिन हाताने फिरते का बघा. ब्रेकचे चारही सिलिंडर उघडल्याशिवाय गोठ्याबाहेर काढू नका. स्वतः रोज चालवणार असाल तर ठेवा, नाहीतर चालवणाऱ्याला द्या. आणि जे करायचे ते यंदाच करा, चाचांसारखा मिस्त्री तुमच्या तालुक्यात अजून दुकान उघडतो आहे तोवर.